जीभ : पहिल्या अर्थाचं कार्ड

शाळेची घंटा तीन दिवस वाजली नाही, कारण तिची जीभ निखळून पडली होती. सुट्टी झाली की नाही, हे मुलं तीन दिवस शिपायाच्या तोंडाकडे बघून ओळखत होती.

*

डावीकडून चावायचं नाही.

*

दुकानात निब लिहून बघताना दहातली सात माणसं आपली सही करतात. दोघं नुसत्याच गोल गोल रेघा मारतात. उरलेला एक जण असं काहीतरी लिहितो, जे तो कुणापाशी बोललेला नसतो.

*

मावशी शेवटची दोन वर्षं पाटीवर लिहून बोलायची. तिचं अक्षर फार सुरेख होतं. त्याआधी आम्हाला ते माहीतच नव्हतं.

*

पायऱ्या अकरा.

*

एकोणचाळीस दिवस.

*

मी शब्दकोशाच्या कार्यालयात काम करते. तीन खोल्या, चार टेबलं आणि भिंतभर छोट्या छोट्या खणांची लाकडी कपाटं. आमच्या संपादकांना आम्ही सर म्हणतो. पाठीमागेही सरच म्हणतो, इतका त्यांचा धाक आहे. सरांचा एक नियम आहे. शब्दाचा प्रत्येक अर्थ वेगळ्या कार्डावर, आणि प्रत्येक अर्थाला निदान एक बोललेलं वाक्य. पुस्तकातलं नाही, आपण टेबलाशी बसून रचलेलं तर मुळीच नाही. कुणीतरी, कुठेतरी खरोखर तोंडाने बोललेलं. ते ऐकणाऱ्याने लिहायचं. स्वतःचं वाक्य स्वतः नोंदवलेलं चालत नाही.

त्या महिन्यात माझ्या वाट्याला जो शब्द आला तो होता जीभ.

एरवी मी हसले असते. पण माझ्या जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या दाढेजवळ, एक जखम होती. कडेने पांढुरकी, मध्ये लाल, तिळापेक्षा थोडी मोठी. आधी वाटलं, चावली गेली असेल. मग वाटलं, गरम चहाने पोळली असेल. दहाव्या दिवशी मी आरशासमोर टॉर्च धरून बघायला लागले. विसाव्या दिवशी दिवस मोजायला लागले. मावशीचंही असंच सुरू झालं होतं. तीही म्हणायची, "अगं, दात लागतोय नुसता."

मी ताईकडे राहते. ताईला यातलं काही सांगितलं नव्हतं. मावशीचं सगळं तिनेच केलं होतं. नळीतून भरवण्यापासून पाटी पुसण्यापर्यंत. तिला पुन्हा त्याच खोलीत उभं करायचं, या विचारानेच माझे हातपाय गार पडत.

ताईचं एकच चालू असायचं, "आमच्या टकळीला झालंय काय? घर कसं सुनंसुनं वाटतंय. प्रेमात-बिमात पडलीस की काय?"

"काहीतरीच!" मी म्हणायचे. एका शब्दात भागेल असंच मी बोलत होते. आणि 'ळ' असलेले शब्द टाळत होते, कारण ळ म्हणताना जीभ मागे वळते आणि तिची कड बरोबर त्या दाढेवर घासते. टाळणं या शब्दातसुद्धा ळ आहे, हे मला तेव्हा कळलं.

*

एकोणचाळिसाव्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हणजे, जिन्यापर्यंत गेले.

जिना बाहेरून होता, लाकडी. अकरा पायऱ्या चढले. दारावर त्यांच्या नावाची पाटी, आत कुणीतरी खळखळून चूळ भरत होतं. औषधाचा वास नाकात शिरला आणि एकदम मावशीची खोली आठवली... मी उतरले. खाली आल्यावर स्वतःला चार शब्द सुनावले आणि पुन्हा चढले. पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा उतरत होते तर समोरून ताईची जिवलग मैत्रीण पिशवी हलवत येताना दिसली. तिने मला त्या जिन्यावर पाहिलं असतं तर घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. मी जिन्याखालच्या पहिल्याच दारात घुसले.

ते पेनांचं दुकान निघालं. दुकान कसलं, जिन्याखालची तिरकी जागा. पुढे माणूस उभा राहील, मागे बसावंच लागेल. टेबलावर दिवा, बशीत सुट्या निबा, काचेच्या बरण्यांत टोपणं. डोळ्याला भिंग लावलेल्या एका माणसाने मान वर केली. त्याचा एक डोळा एवढासा आणि एक भलामोठा.

"बोला मॅडम."

बोलायचं तर काहीच नव्हतं. मी पर्समधलं पेन काढून पुढे केलं. "चालत नाही."

त्याने पेन उलगडलं, उजेडाकडे धरलं, निबेचा भाग ओठांत धरून जोरात हवा ओढली आणि म्हणाला, "जीभ बघावी लागेल."

मी दाराकडे एक पाऊल मागे सरले. "काय?"

"जीभ हो. हा निबेखालचा काळा तुकडा. शाई याच्या खाचांतून येते. बाजारात जिभली म्हणतात, पण आमचे बाबा जीभच म्हणायचे, म्हणून मीही. एवढ्या घाबरलात काय? ऑपरेशन नाही करायचं!"

तो हसला, आणि मला दिसलं — त्याची स्वतःची जीभ चक्क निळी होती.

"तुमची जीभ..." पुढचा शब्द ळचा होता. मी नुसतं बोट दाखवलं.

"ही होय?" त्याने सगळी जीभ बाहेर काढून दाखवली. लाज नाही, संकोच नाही. "धंद्याची खूण. शाई सुकून अडकली की ओढून काढावी लागते. सोमवारी निळी, मंगळवारी काळी. एका वकीलसाहेबांनी लाल शाईचं पेन आणलं होतं, त्या दिवशी मी जांभई दिली तर समोरच्या आजींना घेरीच आली."

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. हसताना दाढ लागली आणि हात आपोआप गालावर गेला. त्याने ते पाहिलं. भिंग काढून ठेवलं. दोन्ही डोळे आता सारखे झाले होते. आणि बरे होते.

"एक सांगाल? गिऱ्हाइकांना या जिभेबद्दल तुम्ही नेहमी काय म्हणता?"

"का बुवा?"

"कोशात घ्यायचंय."

मी कार्डांचा नियम समजावला. तो ऐकता ऐकता उठला आणि वरच्या पायरीवर डोकं आपटून घेतलं. "म्हणजे मी कोशात जाणार? थांबा थांबा, केस विंचरतो."

"केसांची नोंद नसते."

"नसते? कसला हो तुमचा कोश!"

*

जीभ. अर्थ ७ : शाईच्या पेनात निबेखाली बसणारा, शाई वाहून आणणारा खाचांचा तुकडा, जिभली.
वाक्य : "जीभ कोरडी पडली तर बिचाऱ्या निबेला बोल लावू नका."
बोलणारा : पेन दुरुस्त करणारा. वय तिशीच्या आतबाहेर. ~~डोळे~~

*

"पेन चार दिवसांनी न्या," तो म्हणाला होता. मी चौथ्या दिवशी गेले. मग पाचव्या दिवशीही गेले, कारण त्याला गल्लीतली सगळी माणसं ठाऊक होती आणि मला जिभेचे अर्थ हवे होते. निदान मी स्वतःला असं सांगत होते.

तो मला समोरच्या बूट शिवणाऱ्या काकांकडे घेऊन गेला. काकांनी बुटाची जीभ दोन बोटांत धरून मला तिचं अख्खं चरित्र सांगितलं. "ही वाकडी शिवली ना, की माणूस दिवसभर आपल्याच पायाकडे बघत चालतो." कार्ड झालं. मग कमरेचे पट्टे विकणाऱ्याकडे, बकलाच्या जिभेसाठी. मग शाळेत. घंटेची जीभ शिपायाने फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली होती. लोखंडाचा लांबट गोळा, वजनाला चांगलाच जड. बाहेर घंटा तशीच टांगलेली.

"जीभ नसली की घंटा कसली? नुसती टोपी," शिपाई म्हणाला.

मी वाक्य लिहिलं. 'टोपी'तल्या वेलांटीशी हात थांबला तो हलेना. पेनवाला माझ्याकडे बघत होता.

"चहा घ्याल?" त्याने विचारलं.

दुकानात परत आलो. चहा आला. मी कप हातात धरून बसले. वाफ जाईपर्यंत, मग साय धरेपर्यंत.

"चहाशी काही भांडण?"

"गारच आवडतो मला."

"गार चहा आवडणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. गार चहा आवडतो असं खोटं सांगणारी मात्र पाहिली आहेत."

"कोण?"

"आत्ताच. एक."

"तुमच्या जिभेला हाड नाही."

"ते कार्ड तुमच्याकडे असेलच! अर्थ कितवा?"

अशा वेळी मला वाटायचं की आपण एक साधी, बरी मुलगी आहोत, एका साध्या, बऱ्या माणसासमोर बसलो आहोत. मग जखमेला दात लागायचा. भीती त्या जखमेएवढीच होती, पण तिच्यासारखीच कायम तोंडात. त्याच्याकडे बघून हसले की दुसऱ्या क्षणाला वाटायचं, याला कशाला अडकवतेस? उद्या बोलता नाही आलं तर हा काय करणार? मावशीच्या यजमानांना पाटी वाचायला चष्मा लागायचा आणि तो त्यांना कधीच सापडायचा नाही.

गिऱ्हाइकांना लिहून बघायला तो जुन्या कॅलेंडरचे कागद फाडून द्यायचा. मी म्हटलं, आमच्याकडे रद्द झालेली कार्डं पडून असतात, एक बाजू कोरी, कागद जाड. तेव्हापासून दर शुक्रवारी मी रद्द कार्डांचा गठ्ठा सुतळीने बांधून नेऊन द्यायला लागले.

*

बावन्नावा दिवस. सरांनी माझी सगळी कार्डं पत्त्यांसारखी टेबलावर पसरली.

"बुटाची आहे, पट्ट्याची आहे, घंटेची, पेनची, आगीची... जीभ सैल सुटली, जीभ चाचरली, जीभ हासडीन... छान. आणि पहिला अर्थ? अवयव?"

"आहेत ना, सर."

"हे वाक्प्रचार झाले. मला साधं वाक्य हवंय. कुणाच्या तरी तोंडात एक जीभ आहे आणि तो तिच्याबद्दल बोलतोय. एवढ्या कार्डांत एकही नाही? माणसं स्वतःच्या जिभेबद्दल काही बोलतच नाहीत का?"

"नाही बोलत, सर," मी म्हणाले.

त्या दुपारी मी एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं. का लिहिलं, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुठेतरी ते एकदा ठेवायचं होतं, बस.

जीभ. अर्थ १ : तोंडातील अवयव.
वाक्य : "माझ्या जिभेवर डावीकडे जखम आहे. बावन्न दिवस झाले, बरी होत नाही."
बोलणारी : एक स्त्री.

ते मी चाळीस कार्डांच्या मधोमध खुपसलं. संध्याकाळी ते सरांच्या लाल पेन्सिलीची फुली घेऊन परत आलं. शेजारी त्यांचं बारीक अक्षर : 'कुणी ऐकलं? हे बोललेलं वाटत नाही, लिहिलेलं वाटतं. चालणार नाही.'

रद्द कार्ड रद्दच्या खोक्यात गेलं. शुक्रवारी मी खोक्यातला गठ्ठा नेहमीसारखा सुतळीने बांधला आणि पेनच्या दुकानात नेऊन दिला. माझं डोकं जागेवर असतं तर एकदा चाळून पाहिलं असतं. पण त्या दिवशी सकाळी आरशात जखम मोठी दिसली होती.

*

सोमवारी तो बोलला नाही.

म्हणजे, "या" म्हणाला. "बसा" म्हणाला. भिंग डोळ्यावरून काढलंच नाही. ज्याच्या तोंडाला दिवसभर खळ नसायची तो माणूस एका निबेला अर्धा तास पुसत बसला.

"काही झालंय का?"

"काम आहे जरा."

मंगळवारी तेच. चहासुद्धा विचारला नाही. मी घरी आले, पांघरूण घेऊन पडले. ताई दारात उभी राहिली.

"कोण आहे तो?"

"कोणी नाही."

"कोणी नाही, तर मग रडतेस कुणासाठी? त्या कोणी-नाहीला माझ्यासमोर आण एकदा, मी बघते."

मला वाटत होतं, ओळखलं त्याने. तोंडाला वास येत असेल. किंवा बोलण्यात काही राहिलं नसेल माझ्या. एक सांगते, त्या दोन दिवसांत जखमेची भीती मागे पडली होती आणि ही पुढे आली होती. भीतींनाही आपापसात जागा बदलता येते.

साठाव्या दिवशी मी ठरवून गेले — शेवटचं. 'तुमचे आभार, माझे अर्थ पूर्ण झाले' एवढं म्हणायचं आणि निघायचं.

मी तोंड उघडायच्या आत त्याने दाराची पाटी फिरवली. 'बंद' बाहेर, 'उघडं' आत, आमच्याकडे. मग शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढून दिव्याखाली ठेवलं. पाठीवर कुणा अनोळखी माणसाने हिरव्या शाईत तीनदा सही केली होती. त्याने कार्ड उलटं केलं.

लाल फुली. माझं अक्षर.

"शनिवारी एका गिऱ्हाइकाने यावर पेन लिहून पाहिलं," तो म्हणाला. "मी कार्ड उचलायला गेलो आणि..."

माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. कसं विचारायचं ते सुचत नव्हतं. मला! मला सुचत नव्हतं! तुमचं अक्षर आहे ना हे?"

"ते... कोशाचं आहे. वाक्य आहे नुसतं."

"नुसतं वाक्य." त्याने वर बोट दाखवलं, छताकडे, म्हणजे जिन्याकडे. "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावरून अकरा पायऱ्या वर गेलात, अकरा खाली आलात. तीनदा. इथे बसून मला सगळ्यांचे पाय पाठ झालेत. दातदुखीवाला फार तर एकदा परत फिरतो. आणि दुसरं. इतके दिवस झाले, तुम्ही एकदाही 'कळलं' म्हणाला नाहीत. दर वेळी 'समजलं'. माझी जीभ निळी का, तेही विचारलंत तर बोटाने."

मी टेबलाची कड घट्ट धरली. पळून जायचं असेल तर दार दोन पावलांवर होतं.

"सरांनी काय लिहिलंय बघा," तो हळूच म्हणाला. "कुणी ऐकलं? मी ऐकतो. तुम्ही बोला."

वरून कुणाची तरी पावलं गेली — एकच फेरी, न थांबता. मी तोंड उघडलं. आवाज माझा वाटत नव्हता.

"माझ्या जिभेवर... डावीकडे... जखम आहे. साठ दिवस झाले. बरी होत नाही." आणि मग, कार्डावर नसलेलं, "माझी मावशी यानेच गेली. मला भीती वाटते. खूप. काय करू तेच कळत नाही."

ळ दाढेवर घासला. डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून असेल.

त्याने खुर्ची पुढे ओढली, दिव्याची मान वाकवली, भिंग डोळ्याला लावलं. "दाखवा."

"तुम्हाला काय समजणार?"

"काही नाही. पण आजवर एकट्याच बघत होतात ना? आज दोघं बघू."

मी डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली. हात धरू देणं सोपं असतं हो. एखाद्या माणसासमोर भर दुपारी, दिव्याखाली, आपली भीती बाहेर काढून धरायची... त्याचा श्वास माझ्या हनुवटीवर येत होता. शाईचा वास होता.

"बघितली," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा झाला होता. "आहे. एवढीशी आहे. चला आता."

"कुठे?"

"अकरा पायऱ्या. या वेळी खालून मोजायला कोणी नाही, वर दोघं मोजू."

त्याने कार्डाच्या लाल फुलीखाली, उरलेल्या जागेत, माझं बोललेलं वाक्य लिहिलं. साठ दिवसांवालं. 'ऐकणारा : पेन दुरुस्त करणारा.' मग दिवा मालवला.

*

डॉक्टरीणबाईंनी दाढेची धारदार कड घासून टाकली, जखमेतला कणभर तुकडा तपासायला पाठवला, एक टाका घातला आणि म्हणाल्या, "अहवाल सहा दिवसांनी." मी म्हटलं, मावशीला... त्या म्हणाल्या, "त्या किती दिवसांनी आल्या होत्या?" मी म्हटलं, वर्षाने. "तुम्ही दोन महिन्यांनी आलात," त्या म्हणाल्या, "उशीरच केलात, पण वर्ष नाही केलंत."

त्या संध्याकाळी ताईला सांगितलं. ती आधी बधिर झाली. मग फुटली.

"साठ दिवस! जगाच्या गप्पा मारायला जीभ उचलून टाळ्याला लावता येते, आणि मला एवढं सांगता येत नव्हतं, गाढवे?" आणि मला इतकं घट्ट धरलं की टाका दुखला. बऱ्याच वेळाने माझ्या केसांत तोंड घालूनच तिने विचारलं, "तो कोणी-नाही... त्यानेच नेलं?"

मी मान हलवली.

"रविवारी जेवायला बोलाव त्याला. मऊ काहीतरी करते."

*

अहवालाच्या पाकिटात काय होतं ते इथेच सांगून टाकते. मी घाबरले तेवढं पुरे आहे, तुम्ही घाबरत बसू नका. पेशी वाईट झाल्या नव्हत्या, पण वाईटाच्या वाटेला लागल्या होत्या. मोठ्या इस्पितळात डाव्या कडेचा, शर्टाच्या बटणाएवढा भाग काढला. माझा ळ पंधरा दिवस गेला होता, मग परत आला. थोडा बसकाच आला. दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, आणि दर तीन महिन्यांनी आदल्या दिवशी माझे हातपाय तसेच गार पडतात.

पण त्या दिवशी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सहावा दिवस, दुपार, जिन्याखालचं दुकान. बंद पाकीट टेबलावर, सुट्या निबांच्या बशीला टेकून. मी हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही; मधल्या दिवसांत मी त्याला मावशीची पाटी, तिच्या यजमानांचा चष्मा, सगळं सांगितलं होतं. "अजून उघडू नकोस."

"का? मला आता नाही सहन होत."

"उघडल्यावर बोललो, आणि चांगलं निघालेलं असलं, तर तुला वाटेल आनंदाच्या भरात बोलला. वाईट निघालेलं असलं तर वाटेल, कीव आली म्हणून बोलला. मला दोन्ही नकोय. आत्ता मला काही म्हणजे काही माहीत नाही. म्हणून आत्ताच बोलायचंय."

"बोल."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"आज हिरवी?" मी विचारलं.

"विषय बदलू नकोस! आधीच माझं—" त्याने कपाळ पुसलं, तिथे हिरवा पट्टा उठला. "हे बघ. मला तू आवडतेस. बोलतेस तेव्हा तर फारच. गप्प बसलीस तरी आवडशील. पाटीवर लिहायला लागलीस तर मी पाटीची पेन्सिल रोज टोक काढून देईन, आणि मला चष्मा नाही, त्यामुळे तो हरवण्याचा प्रश्न नाही. जिभेसकट, जिभेशिवाय... मला तू हवी आहेस."

"जिभेशिवाय नको म्हणूस."

"नाही म्हणत."

मी पाकिटाकडे पाहिलं. भीती तिथेच होती, कुठे गेली नव्हती. फक्त आता तिच्या शेजारी आणखी कुणीतरी बसलं होतं.

"नाही... म्हण," मी म्हणाले. "आहे तसंच पुन्हा म्हण." आणि पर्समधून कोरं कार्ड काढलं.

"तू हे लिहून घेणार आहेस?"

"ऐकणाऱ्याने लिहायचं असतं."

तो पुन्हा म्हणाला. मी लिहिलं. पेन सरळ चाललं.

"आणि तुझं?" त्याने विचारलं. "तुला काहीच म्हणायचं नाही?"

टाक्यामुळे जीभ जड होती. ळ तर नकोच होता. तरी मी तोच निवडला.

"कळलं," मी म्हणाले. "मला तुझ्याआधी कळलं होतं."

त्याने माझ्या हातून पेन घेतलं, दुसरं कार्ड घेतलं आणि माझं वाक्य लिहून ते शर्टाच्या खिशात ठेवलं. ते त्याने कोशाला आजवर दिलेलं नाही. मग पाकिटाची एक कड मी धरली, एक त्याने.

*

सरांनी त्याचं वाक्य दोन वेळा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लाल पेन्सिल बाजूला ठेवून निळी घेतली. खणात ते कार्ड आजही आहे, साठ दिवसांच्या कार्डामागे. कडेला सरांचं बारीक अक्षर : 'अर्थ पहिला. दोन्ही वाक्ये ठेवावीत.'

*

पहिल्या दिवशी मी त्याला दुरुस्तीला दिलेलं पेन उत्तम चालत होतं.